चारी चाकांवर पाणी

“चारी चाकांवर घाल गं, कंजूसपणा करू नकोस,” असं वहिनीला मीच म्हणाले. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकून कुणी मला देव्हाऱ्यात बसवायला नको.

दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते. शनिवारची सकाळ, साडेसात वाजलेले. उद्यमनगरातल्या आमच्या घराला लागून असलेल्या फाउंड्रीच्या दारात दादाची पांढरी एस्टीम येऊन थांबली. गल्लीत धुकं, आणि चारी चाकांतून करपलेल्या तव्यासारखा वास. दादा उडी मारून उतरला आणि उद्या गाडी लादून नेणाऱ्या ट्रेलरवाल्याला फोन करायला आत पळाला. मी गाडीतून उतरले खरी, पण पाय जमिनीला लागल्यासारखे वाटत नव्हते. समोर वहिनी पदर खोचून उभी होती, एका हातात तांब्या, दुसऱ्या हातात भाकरीचा तुकडा.

आमच्यात नवं काहीही दारात आलं की भाकरतुकडा ओवाळून टाकायचा आणि पायांवर पाणी घालायचं. नवी सून असो, नवा बैल असो. गाडीला पाय नाहीत म्हणून चाकांवर. गाडी काही नवी नव्हती, पण ब्रेक चारी नवे होते, आणि उद्या त्याच ब्रेकांवर दादा सावर्डीचा घाट उतरणार होता.

पहिल्या चाकावर पाणी पडलं आणि चर्रर्र करून पांढरी वाफ उठली. वहिनी दचकली आणि मग हसत सुटली. लग्नाला सहा महिने झालेले, वय बावीस. वाफेत तिचा चेहरा दिसेनासा झाला, नुसतं हसणं ऐकू येत होतं. दुसरं चाक, तिसरं चाक. गल्लीभर वाफ आणि धुकं एक झालं. मग मागचं उजवं चाक. चर्रर्र, आणि त्याच्या पोटात एक बारीकसा आवाज. टिक्. कुणी झोपेत बोट मोडावं तसा.

वहिनीचं हसू थांबलं.

“वन्सं, काय वाजलं ओ?”

“काही नाही. गरम लोखंड गार होताना बोलतं. चल, चहा टाक.”

अशी मी शहाणी. पंधराव्या वर्षापासून आबांच्या लेथवर उभी राहिलेली बाई. ओतीव लोखंड तापलेलं असताना त्यावर पाणी घालू नये हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगितलं असतं. पण त्या सकाळी मी झोपेतच होते म्हणा ना.

आता थोडं मागचं सांगते. दादाला मोटार शर्यतींचं वेड. कोल्हापुरात त्या काळी निम्मी पोरं कुस्तीला जायची, उरलेली इंजिनं खोलायची. दादा अठ्ठावीसचा झाला होता. रविवारी सावर्डीच्या घाटात शर्यत होती, नऊ किलोमीटर वर आणि नऊ खाली. कोइमतूरच्या एका टीमचे साहेब बघायला येणार होते. दादानं वेळ चांगली दिली तर ते त्याला आपल्याकडं घेणार होते. नाहीतर आबांनी शब्द घेतला होता, “यंदा नाही जमलं तर भट्टीवर यायचं, गुपचूप.”

त्यासाठी दादानं पुढचे ब्रेक मोठे करून आणले. जेवणाच्या ताटाएवढ्या डिस्क, त्यांना चिमट्यासारखे आवळणारे चार पिस्टनचे कॅलिपर. मागं मात्र कंपनीचे तेच जुने ड्रम. मला बसवून पहिल्यांदा चक्कर मारली आणि ब्रेक दाबला, तशी गाडी नाक जमिनीत खुपसून उभी राहिली. मागची चाकं हलकी होऊन नाचायला लागली. माझं कपाळ समोर आपटलं.

आबा दारातूनच म्हणाले, “पुढं खिलारी बैल आणि मागं म्हातारी गाय जुंपलीस होय रे? सरळ रस्त्यावर चालंल. वळणात काय करशील?”

“मग काय करू?”

“मागचेपण पुढच्याला शोभतील असे कर. जास्त नाही, कमी नाही. जास्त झाले तर शेपूट पुढं येतं, कमी झाले तर नाक घासतं. चारी चाकांनी मिळून थांबायला पाहिजे.”

मागच्या डिस्क बाजारात त्या मापाच्या मिळेनात. तेव्हा आबा म्हणाले, “मी ओततो. शाली लेथवर मापाला आणंल.” शाली म्हणजे मी, शालन. बापानं हे म्हटलं आणि दादा असा बघत राहिला, जसं देवानं कौल दिला. कारण तोवर आबांनी त्या गाडीला कधी हातसुद्धा लावला नव्हता.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. वहिनीचं नाव वैजयंता, माहेर गडहिंग्लजचं. लग्नानंतर पहिल्यांदा ती फाउंड्रीत पाया पडायला आली, त्याच दिवशी एक साचा फुटला. लोखंडाचा लाल रस भसाभसा जमिनीवर आला. कुणाला लागलं नाही, पण आबांच्या तोंडून सगळ्या कामगारांसमोर निघून गेलं, “बघा, पायगुण.”

वहिनी दोन दिवस जेवली नाही. आबांचाही जीव खालीवर झाला होता, मला दिसत होतं. पण बापमाणूस माफी कशी मागणार? शब्द बाहेर पडला तो पडला. तेव्हापासून वहिनी फाउंड्रीच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकत नव्हती. आणि कामगार लोक काय, साधं ड्रिल तुटलं तरी एकमेकांकडं बघायचे. मला संताप यायचा. आणखी एकदा काही घडलं असतं तर त्या पोरीच्या कपाळावर ते कायमचं बसलं असतं.

मागच्या डिस्क ओतल्या तो दिवस मला अजून स्वप्नात दिसतो. संध्याकाळचे पाच असतील. भट्टीचा उजेड, काळ्या वाळूत दोन साचे शेजारी शेजारी. आबा ओतताना कधी कुणाशी बोलायचे नाहीत, खोकायचेही नाहीत. पहिला साचा भरला. दुसऱ्यात रस पडायला लागला आणि उंबऱ्यात वहिनी हळदकुंकवाचं ताट घेऊन उभी दिसली. आत यावं की नाही, अशी घुटमळत होती. आबांनी तिच्याकडं बघितलं. रसाचा मोठा पळा, आमची लाडल, सरळ केली.

“ये पोरी. आत ये. तुझ्या हातचं कुंकू पडल्याबिगर माझ्या पोराची गाडी घाटात जायची नाही.”

वहिनी आली. रसाचा नारिंगी उजेड तिच्या तोंडावर पडला होता आणि डोळे भरलेले. तिनं साच्याच्या कडेला चिमूटभर कुंकू वाहिलं. मग आबांनी उरलेला रस ओतला. सगळ्या कामगारांसमोर. मला वाटलं, माफी मागायची ही आबांची तऱ्हा. मी वहिनीच्या तोंडाकडं बघत राहिले, आणि माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. दुसरीकडं कुठं बघायचं मला सुचलंच नाही.

दुसऱ्या दिवशी आबांनी दोन्ही डिस्क दोरीला टांगून हातोडीनं वाजवल्या. आमच्यात ओतीव माल असाच पारखतात. निर्दोष माल घंटेसारखा गातो, आत चीर असली की बद्द वाजतो. पहिली गायली. दुसरीही गायली, जराशी खालच्या पट्टीत. आबा बराच वेळ कान लावून उभे होते. मग म्हणाले, “चालतंय.” दोन्ही मी लेथवर मापाला आणल्या.

आणि शनिवारी पहाटे आम्ही गाडी पळवून नवे ब्रेक मुरवायला गेलो. नवे पॅड आणि नवी डिस्क यांची ओळख व्हावी लागते. ऐंशीला जायचं, वीसवर आणायचं, थांबायचं मात्र नाही. परत ऐंशी, परत वीस. असं दहा-बारा वेळा. मग हळूहळू चालवत गार करायचं.

गगनबावड्याच्या रस्त्याला चिटपाखरू नव्हतं. दोन्ही बाजूंना ऊस आणि त्यावर धुकं साचलेलं. कुठल्यातरी गुऱ्हाळातून गुळाचा वास येत होता. दादा ब्रेक दाबायचा आणि सगळं जग हळू व्हायचं. नाक खाली जात नव्हतं, शेपूट हलत नव्हतं. गाडी अख्खीच्या अख्खी जमिनीवर बसायची, कोंबडी अंड्यांवर बसते तशी. मी डोळे मिटले. वेग वाढतोय, उतरतोय, पुन्हा वाढतोय. कुणी पाळणा हलवतंय असं वाटत होतं.

“शाले, झोपलीस काय?”

“नाही रे. छान वाटतंय.”

“पुढचे माझे आणि मागचे आबांचे,” दादा म्हणाला, “पण कळतंय का काय वेगळे आहेत ते?”

“नाही.”

“मलाही नाही.” आणि तो लहानपणी हसायचा तसा हसला. त्याला तसं हसताना मी त्यानंतर फार वेळा बघितलं नाही.

परत येताना उसाच्या ट्रॅक्टरांनी रस्ता अडवला. दर दहा हातांवर ब्रेक. गार झालेलं सगळं पुन्हा तापलं. पण मी धुक्यातच होते. तशीच दारात उतरले आणि वहिनीला म्हणाले, चारी चाकांवर घाल.

दुपारी जेवणं झाली. दादा आणि आबा पडले होते. मला मात्र तो टिक् काही झोपू देईना. उठले, मागचं उजवं चाक काढलं, कॅलिपर सोडवला, डिस्क उतरवली. मधल्या भोकात बोट घालून उचलून धरली आणि पान्यानं हळूच मारलं.

बद्द.

पुन्हा मारलं. तसंच. फुटक्या घागरीवर मारावं तसं. ही डिस्क घेऊन दादा उद्या नऊ किलोमीटर घाट उतरला असता. तापून तापून एखाद्या वळणावर तिचे दोन तुकडे झाले असते, आणि पुढं दरी.

“ती दुसरी वाजवा बघू,” मागून आवाज आला. वहिनी उभी होती.

डावी काढून वाजवली. ती गायली. वहिनी खाली बसली, फरशीवर, भिंतीला टेकून.

“माझ्या हातानं झालं.”

“तुझ्या हातानं कशानं? घाल म्हटलं कुणी? मी.”

“पण पाणी माझ्याच हातचं पडलं की ओ. पहिल्यांदा साचा, आता हे. वन्सं, तुम्ही यांना जाऊ देऊ नका. माझं नाव सांगा खुशाल. पायगुण तर आधीच झालाय, त्यात आणखी काय व्हायचंय?”

“गप बस. रडू नकोस, डोळे सुजतील आणि सगळ्यांना कळंल.”

“तुम्ही काय सांगणार मग?”

“जे सांगायचं ते सांगते. तू फक्त तोंड उघडायचं नाही. माझी शपथ आहे तुला.”

चार वाजता आबा उठले. मी डिस्क त्यांच्यासमोर धरली आणि वाजवली. दादा चहाचा कप घेऊन तसाच उभा राहिला.

“सकाळी मी पाणी घातलं,” मी म्हणाले. “चाकं गरम होती, माझ्या ध्यानात आलं नाही. चूक माझी.”

वहिनीनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मी तिच्याकडं असं बघितलं की तिनं ते मिटलं.

आबांनी डिस्क माझ्या हातातून घेतली. कोपऱ्यातल्या ऐरणीकडं गेले, आमच्याकडं पाठ करून. घणाचा एकच घाव घातला. दोन तुकडे उचलून बघत राहिले. खूप वेळ. मग पोत्याच्या तुकड्यात गुंडाळले आणि आत घेऊन गेले.

“आबा, मागं जुने ड्रम बसवून जातो,” दादा म्हणाला.

आतून आवाज आला, “नाही.”

एवढंच. दादा गाडीत जाऊन बसला. अंधार पडेपर्यंत स्टेअरिंगवर हात ठेवून समोर बघत होता. मी काचेजवळ गेले तेव्हा म्हणाला, “तुला तर कळतंय ना गं लोखंडातलं. दुसऱ्या कुणी केलं असतं तर समजलो असतो.” मला ते शिवीपेक्षा लागलं. रविवारी सावर्डीच्या घाटात शर्यत झाली. दादा सोमवारी भट्टीवर आला.

आबा माझ्याशी दीड वर्ष बोलले नाहीत. लेथ काढून घेतला नाही, जेवायला वाढलं तर जेवायचे, पण माझ्याकडं बघायचे नाहीत. काम सांगायचं तर कामगाराला सांगायचे, “शालीला सांग.” मी चार पावलांवर उभी असायची. मी रात्री उशीत तोंड खुपसून रडलेय, खोटं कशाला सांगू? पण वहिनीचं नाव काढलं नाही. पुढं घरात पोरं झाली, दादाचा राग निवला, आबाही बोलायला लागले. दादानं फाउंड्रीच्या कडेला ब्रेकचं वर्कशॉप काढलं. पुण्याहून, बेळगावहून गाड्या यायला लागल्या. नुसते पुढचे ब्रेक मोठे करून द्या असं कुणी म्हटलं की दादा म्हणायचा, “चारी करायचे असतील तर गाडी आत घ्या.”

वहिनीनं मात्र पुन्हा कुठल्याही चाकावर पाणी घातलं नाही. दारात गाडी आली की तांब्या भरून आणायची आणि दुसऱ्या कुणाच्यातरी हातात द्यायची. “माझा हात दुखतोय,” म्हणायची. बावीस वर्षं तिचा हात दुखत होता.

परवा फाउंड्रीची जागा विकायचं ठरलं. आबा आता एक्याऐंशीचे. खुर्चीवर बसून सामान कुठं ठेवायचं ते सांगत होते. माझ्या हातात त्यांनी पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी दिलं. मी न सोडताच ओळखलं.

“सोड. आणि तुटलेली कड वाच.”

दोन तुकडे. तुटलेली बाजू उजेडात धरली. ताजं तुटलेलं लोखंड करडं आणि दाणेदार दिसतं, वर्षांनी वर गंज चढला तरी दाणा लपत नाही. इथं निम्म्या जाडीपर्यंत तसा दाणा होता. उरलेला निम्मा भाग काळा आणि गुळगुळीत, नदीतल्या गोट्यासारखा. म्हणजे तिथं लोखंड कधी जुळलंच नव्हतं.

“आबा, ही पाण्याची चीर नाही. ही ओततानाच राहिलीय. धार तुटलीय.”

“कुणी तोडली?”

मला नारिंगी उजेड दिसला. उंबऱ्यात ताट घेऊन उभी असलेली वहिनी. आणि हातातली लाडल सरळ करणारे आबा. ओतताना धार तोडायची नाही, आधीचा रस कातडी धरतो आणि नंतरचा त्याला चिकटत नाही, हे आबांनी मला शिकवलेला पहिला धडा होता.

“तुम्ही,” मी म्हणाले.

“मीच. तिला आत बोलवायचं होतं गं. एकदा तोंडातून वाईट गेलं होतं, ते पुसायचं होतं. दुसऱ्या दिवशी वाजवली तेव्हा कान म्हणाला, नको. पण मन म्हणालं, चालतंय. फेकून द्यायची म्हणजे सगळे म्हणणार, सूनबाईनं कुंकू वाहिलेलीच खराब निघाली.”

“आणि मी सांगितलं, पाणी मी घातलं.”

“मी खिडकीत होतो त्या सकाळी. घालणारी कोण होती ते बघितलं होतं. तू खोटं बोललीस ते मला कळत होतं, आणि मी गप्प बसलो. तुझ्याकडं बघायची लाज वाटायची, शाले. दीड वर्ष.”

खाली बसले आणि आबांच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. त्यांनी माझ्या केसांवरून हात फिरवला.

“पाणी पडलं नसतं तर काय झालं असतं, विचार केलास का?” आबा म्हणाले.

“काय?”

“आतली फट उघडली नसती, टिक् झालं नसतं. तू वाजवली नसतीस. आणि पोरगा घाटात गेला असता. तिच्या तांब्यानं वाचलाय तो. मला सांगायला जमलं नाही. तू सांग.”

मी ते तुकडे घेऊन वहिनीकडं गेले. ती मागच्या दारी ज्वारी निवडत होती. सगळं सांगितलं. काळी बाजू तिच्या बोटांना लावून दाखवली. ती बराच वेळ त्यावरून अंगठा फिरवत राहिली.

“बावीस वर्षं ओ, वन्सं,” एवढंच म्हणाली आणि पदरात तोंड घालून रडली. पोटभर रडू दिलं मी तिला.

तेवढ्यात दारात गाडी आली. दादा एका गिऱ्हाईकाचे नवे ब्रेक बसवून चक्कर मारून आला होता. वहिनी उठली. तोंड धुतलं. तांब्या भरला आणि सवयीनं माझ्यापुढं धरला. मी हात मागं बांधले.

ती बाहेर गेली. आधी पुढच्या चाकाजवळ हात नेऊन बघितला, मग मागच्या. गार होती. दादा तिच्याकडं बघतच राहिला, हिला आज काय झालं म्हणून. ती तांब्या धरून तशीच उभी होती.

आतून, खुर्चीवरून आबांचा आवाज आला.

“चारी चाकांवर घाल, पोरी. कंजूसपणा करू नकोस.”

तिनं घातलं.